वरचे दहा हजार गेले कुठे?

फायनल इयरला प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला की आपल्या हॉस्टेलमध्ये दोनच प्रश्न ऐकू येतात. पहिला, "झालं का?" आणि दुसरा, "कितीचं?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जितकं मोठं, तितकी मेसमध्ये पार्टी मोठी. "कुठे?" हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि विचारला तरी त्याचा पैशाशी काही संबंध आहे असं कोणाला वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

झालं असं, की यंदा माझ्या नशिबाने दोन ऑफर आल्या. एक पुण्याची, चाकणच्या कारखान्यात क्वालिटी विभागात, पॅकेज ४ लाख ८० हजार. दुसरी बंगळूरची, इलेक्ट्रॉनिक सिटीत डिझाईनचं काम, पॅकेज ६ लाख. माझं गाव कागल तालुक्यात, हायवेला लागून. गावच्या फाट्यावर उभं राहिलं की एकच रस्ता, पूर्वीचा चार नंबरचा आणि आताचा ४८. उत्तरेकडची गाडी पकडली की पुणे, साधारण अडीचशे किलोमीटर. दक्षिणेकडची पकडली की बंगळूर, साधारण सहाशे. कोणती गाडी पकडायची एवढाच प्रश्न होता.

मी लगेच घरी फोन लावला आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "आप्पा, पुण्यापेक्षा बेंगलोरला वर्षाला एक लाख वीस हजार जास्त. म्हणजे महिन्याला दहा हजार!" वजाबाकी बरोबर होती. पण आप्पांनी त्या वाक्यावर काय केलं हे मला पंधरा दिवसांनी गावी गेल्यावर कळलं. दोन वर्षांपूर्वी बोअर मारायला आणि बहिणीच्या ॲडमिशनला आप्पांनी माझ्या चुलत मामांकडून एक लाख वीस हजार हातउसने घेतले होते. फोन ठेवल्या ठेवल्या ते मामांकडे गेले आणि म्हणाले, "जुलैपास्नं पोरगं म्हैन्याला धा हजार दिल. वरसात फिटलं बगा." मामांनीही त्या भरवशावर पुढचा बेत आखला.

हे ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला. कारण तोपर्यंत मी ऑफर लेटर नीट वाचलेलंसुद्धा नव्हतं. त्या रात्री वही घेऊन बसलो. पुढचे आठ दिवस जे केलं ते इथे क्रमाने सांगतो. आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे असतील. पण पायऱ्या सगळ्यांना त्याच.

पायरी पहिली : पॅकेज म्हणजे पगार नव्हे

सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च. तुमच्या हातात येणारी रक्कम नव्हे. हे आपल्याला सगळ्यांना माहीत असतं, पण ‘थोडंफार कापतात’ यापलीकडे कोणी जात नाही. मी दोन्ही लेटर्सची शेवटची पानं समोरासमोर ठेवली.

बंगळूर, वर्षाला ६,००,०००. त्यात ६०,००० व्हेरिएबल पे. म्हणजे वर्ष संपल्यावर, कंपनीचा आणि तुमचा परफॉर्मन्स बघून, मिळाला तर मिळणार. बेसिक महिन्याला २५,०००. त्यावर कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, वर्षाला ३६,०००. ग्रॅच्युइटी १४,४३०. ग्रुप विम्याचा हप्ता ९,५७०. हे सगळं पॅकेजमध्येच धरलेलं. वजा केलं की उरले ४,८०,०००, महिन्याला ४०,०००. त्यातून माझा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २००. हातात ३६,८००.

पुणे, वर्षाला ४,८०,०००. व्हेरिएबल नाही. बेसिक २०,०००. कंपनीचा पीएफ २८,८००, ग्रॅच्युइटी ११,५४४, विमा ७,६५६. उरले ४,३२,०००, महिन्याला ३६,०००. माझा पीएफ २,४०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ३३,४००.

दहा हजारांचा फरक पहिल्याच पानावर ३,४०० झाला! बाकीचे ६,६०० गेले कुठे? पाच हजार व्हेरिएबलमध्ये, बाराशे पीएफमध्ये (सहाशे कंपनीचे, सहाशे माझे), आणि उरलेले चारशे ग्रॅच्युइटी आणि विम्यात. यातले पीएफचे पैसे आपलेच आहेत, बुडाले नाहीत. पण मामांना ते देता येत नाहीत.

ग्रॅच्युइटीचा ४.८१ टक्के हा विचित्र आकडा कुठून येतो हेही बघून ठेवा, इंटरव्ह्यूला उपयोगी पडेल. कायद्याने नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना २६ दिवसांचा धरतात. १५ भागिले २६, त्याला १२ ने भागा, आला ४.८१ टक्के. नेहमीच्या कायम नोकरीत ही रक्कम पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते. दोन वर्षांत कंपनी बदलणाऱ्याच्या पॅकेजमध्ये ती फक्त कागदावर असते.

इन्कम टॅक्सची काळजी मात्र आपल्यासारख्यांना फारशी नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. व्यवसाय कर दोन्ही राज्यांत जवळपास सारखाच. फक्त मुलींनी एक लक्षात ठेवावं, महाराष्ट्रात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना एप्रिल २०२३ पासून तो माफ आहे.

पायरी दुसरी : वडापावचा निर्देशांक

आता खर्च. आमच्या विंगमध्ये यावर जोरदार चर्चासत्र झालं. एकाचं म्हणणं, "बेंगलोर महाग, तिकडं वडापाव चाळीस रुपयाला." दुसरा तिथे इंटर्नशिप करून आलेला. तो म्हणाला, "आणि दर्शिनीत उभ्या उभ्या इडली-वडा आणि फिल्टर कॉफी पोटभर, पुण्यात त्या पैशात काय येतं दाखव." दोघंही खरं बोलत होते.

एका वस्तूवरून दोन ठिकाणांची तुलना करायची युक्ती जुनी आहे. ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने १९८६ मध्ये बर्गरच्या किमतीवरून देशोदेशींच्या चलनांची तुलना सुरू केली, ती ‘बिग मॅक निर्देशांक’ म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्यात बर्गर सगळीकडे एकसारखा असतो, हा मुद्दा आहे. आपण वडापाव धरला तर पुणे स्वस्त, डोसा धरला तर बंगळूर स्वस्त. कोणती वस्तू निवडली यावरच उत्तर ठरतं. जिथे जी वस्तू रोजची असते, तिथे ती स्वस्त असते, एवढाच त्याचा अर्थ.

मग मी म्हटलं, सरकारी आकडे घेऊ. लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक काढतो, देशातल्या ८८ केंद्रांसाठी, आणि त्यात पुणेही आहे आणि बंगळूरही. आपल्या स्टाफला तो चांगला परिचयाचा असणार, कारण महागाई भत्ता त्यावरच ठरतो. मी दोन शहरांचे आकडे शेजारी लिहिले आणि भागाकार करायला निघालो. इथे मी सपशेल चुकत होतो, आणि माझी चूक इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सच्या सरांनी दाखवली.

या मालिकेत २०१६ साल म्हणजे १००. प्रत्येक केंद्राला त्या वर्षी १००. म्हणजे २०१६ मध्ये बंगळूरचं भाडं पुण्याच्या दीडपट असतं तरी दोघांना १०० च मिळाले असते. सर म्हणाले, "दोन गाड्यांचे ट्रिप मीटर एकाच दिवशी शून्य केले. आज एकाचं १४५ आहे, दुसऱ्याचं १४० आहे. यावरून गाड्या कोणत्या गावात उभ्या आहेत ते सांगता येईल का?" नाही येणार. प्रत्येक गाडी किती चालली एवढंच कळेल. हा निर्देशांक एका शहरातली महागाई काळानुसार किती वाढली ते सांगतो. दोन शहरांत महाग कोण, हे तो सांगतच नाही. पेपरात असे आकडे शेजारी शेजारी छापलेले दिसले तर फसू नका.

दुसरा सरकारी आधार म्हणजे घरभाडे भत्ता. त्यासाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग आहेत, आणि ते पडतात लोकसंख्येवर : पन्नास लाखांच्या वर एक्स, पाच ते पन्नास लाख वाय, त्याखाली झेड. सातव्या वेतन आयोगात केंद्राच्या कर्मचाऱ्यांना हे दर २४, १६ आणि ८ टक्क्यांनी सुरू झाले, आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोचल्यावर ३०, २० आणि १० टक्के झाले. पुणे आणि बंगळूर दोन्ही एक्समध्ये. म्हणजे सरकारच्या लेखी दोन्ही सारखेच! सांगली-कोल्हापूरहून पुण्याला बदली होणाऱ्याला वाय आणि एक्समधला फरक मिळतो, पण मोशीचं भाडं वेगळं आणि कोथरूडचं वेगळं हे या वर्गांना कळत नाही. आपलं आपणच मोजायला हवं.

पायरी तिसरी : आपली पिशवी

बाजाराला जाताना आपण पिशवी घेतो. निर्देशांकातसुद्धा तेच असतं, एक ठरलेली पिशवी आणि तिच्यात ठरलेल्या वस्तू. फक्त ती पिशवी सरासरी कुटुंबाची असते. मी सडाफटिंग. मला पोरांची शाळा नाही, गहू-तांदळाची पोती नाहीत. म्हणून मी माझी पिशवी लिहिली. पुण्यातले सीनिअर आणि बंगळूरमधले सीनिअर, मिळून सात जणांना फोन केले. एक सूचना : "खर्च किती येतो?" असं विचारू नका. सगळे "होतात पंधरा-वीस" म्हणतात. "मागच्या महिन्याचं भाडं किती भरलं? जेवणाचे किती दिले? घरी कितीदा गेलास?" असं एकेक विचारा.

पुण्यात मी कसा राहीन? तिघांत मोशीला टू बीएचके, कंपनीची बस, दुपारचं जेवण कंपनीच्या कँटीनमध्ये, रात्री डबा, आणि महिन्यातून दोनदा घरी.

घरभाड्याची वाटणी – ६,०००
वीज, गॅस, नेट, मेंटेनन्स – १,२००
कँटीन – ६००
रात्रीचा डबा – २,०००
नाश्ता-चहा – १,२००
फिरणं – ८००
घरी दोन खेपा, एसटीने – १,६००
मोबाईल, साबण, कपडे, सिनेमा, इतर – ३,०००
एकूण – १६,४००

बंगळूरला मी कसा राहीन? ऑफिसजवळ पीजीत, एका खोलीत दोघं, नाश्ता आणि रात्रीचं जेवण पीजीचं. सहाशे किलोमीटर दर पंधरा दिवसांनी होणार नाही, म्हणून दोन महिन्यांतून एकदा घरी.

पीजी – ९,५००
दुपारचं जेवण – २,०००
रविवारचं बाहेरचं – १,५००
बसचा मासिक पास – १,२००
मेट्रो, रिक्षा – १,०००
घरी जाण्याचा महिन्याचा हिस्सा – १,२००
इतर – ३,०००
एकूण – १९,४००

आता वजाबाकी. पुण्यात ३३,४०० उणे १६,४००, शिल्लक १७,०००. बंगळूरला ३६,८०० उणे १९,४००, शिल्लक १७,४००. फरक चारशे रुपये!

दहा हजारांचे ३,४०० झाले होते, आता ३,४०० चे चारशे झाले. मी तीनदा बेरीज केली. रूम पार्टनरला करायला लावली. चारशेच.

पायरी चौथी : पण पिशव्या वेगळ्या आहेत

इथे खरी गंमत आहे. वरच्या दोन याद्या नीट बघा. मी दोन शहरांची तुलना केलीच नाही. पुण्यातल्या एका जगण्याची बंगळूरमधल्या दुसऱ्याच जगण्याशी तुलना केली. पुण्यात मी महिन्यातून दोनदा आईच्या हातचं जेवतोय आणि बंगळूरला दोन महिन्यांतून एकदा. हिशेब जुळला, पण तो मी घरच्या खेपा कापून जुळवला होता.

यावर दीडशे वर्षांपूर्वी दोन जर्मन अर्थशास्त्रज्ञांनी विचार करून ठेवलाय. लास्पेअर यांनी १८७१ मध्ये सांगितलं, जुनीच पिशवी घ्या आणि तिची नवी किंमत काढा. पाशे यांनी १८७४ मध्ये सांगितलं, नवी पिशवी घ्या आणि तिची जुनी किंमत काढा. त्यांनी हे काळाबद्दल सांगितलं. आपण ‘जुनं’च्या जागी पुणे आणि ‘नवं’च्या जागी बंगळूर लिहू.

आधी पुण्याची पिशवी बंगळूरला नेऊ. तसाच फ्लॅट तिघांत, वाटणी ८,०००. वीज, नेट वगैरे १,२००. दुपारचं जेवण २,०००, कारण तिथे कंपनीचं स्वस्त कँटीन नाही. रात्रीचा आपल्या पद्धतीचा डबा २,८००. नाश्ता १,२००. बस पास आणि फिरणं २,२००. घरी महिन्यात दोन खेपा, ४,८००. इतर ३,०००. एकूण २५,२००. भागिले १६,४००, उत्तर १.५४. म्हणजे पुण्याला १०० धरलं तर बंगळूर १५४.

आता उलटं. बंगळूरची पिशवी पुण्यात. तसाच पीजी ८,०००, कँटीन ६००, रविवारचं बाहेरचं १,३००, कामाला कंपनीची बस, फिरणं ८००, घरी जाण्याचा हिस्सा ४००, इतर ३,०००. एकूण १४,१००. १९,४०० भागिले १४,१००, उत्तर १.३८. म्हणजे बंगळूर १३८.

एकच दोन शहरं, एकच मी, आणि उत्तरं दोन. हे नेहमी असंच होतं. कारण माणूस नव्या ठिकाणी जे महाग आहे ते कमी करतो आणि जे स्वस्त आहे त्याकडे वळतो. जुनी पिशवी धरली तर हे वळणं हिशेबात येत नाही, म्हणून आकडा फुगतो. नवी पिशवी धरली तर काय सोडावं लागलं ते दिसत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या असा तोडगा सुचवला. आपला आकडा १४५ येतो. पण मला विचाराल तर वर्गमूळ काढण्यापेक्षा दोन्ही आकडे समोर ठेवा आणि त्यांच्यातला फरक कशामुळे आला ते शोधा. माझ्या बाबतीत सगळ्यात मोठं कारण एकच निघालं, घरच्या खेपा.

आणखी एक मोठी चूक सांगतो, जी जवळपास सगळे करतात. "बंगळूर ४५ टक्के महाग, म्हणजे पगार ४५ टक्के जास्त हवा." चूक! टक्केवारी लावायची ती फक्त खर्चाला, अख्ख्या पगाराला नाही. माझ्या चार लाखांच्या एज्युकेशन लोनचा हप्ता साडेसहा हजार आहे, तो पुण्यातही तेवढाच आणि बंगळूरलाही तेवढाच. घरी पाठवायचे पाच हजार, तेही तेवढेच. म्हणून सूत्र असं : नव्या शहरात हातात हवी असलेली रक्कम = आताच्या हातातली रक्कम + त्याच पिशवीच्या खर्चातला फरक. माझ्यासाठी ३३,४०० + ८,८०० = ४२,२००. पुण्यासारखंच जगायचं तर बंगळूरला हातात ४२,२०० हवेत. मिळणार ३६,८००.

पायरी पाचवी : पहिला महिना

पगार महिन्याच्या शेवटी होतो, घरमालक पैसे पहिल्या दिवशी मागतो. या मधल्या तीस दिवसांचा हिशेब वेगळा करा.

पुण्यात फ्लॅट घेतला तर माझ्या वाटणीचं डिपॉझिट १५,०००, पहिलं भाडं ६,०००, एजंट ६,०००, करारनोंदणी ८००, गादी-बादली ४,०००, महिनाभराचं खाणंपिणं ६,०००. एकूण ३७,८००. बंगळूरला पीजी घेतला तर डिपॉझिट १०,०००, पहिला महिना ९,५००, बाकी किरकोळ धरून २९,००० च्या आसपास. म्हणजे सुरुवात बंगळूरलाच स्वस्त! पण तिथे फ्लॅट घ्यायचा म्हटला तर गणित फिरतं. बंगळूरला दहा-दहा महिन्यांचं डिपॉझिट घ्यायची जुनी रीत. हल्ली पाच-सहा महिन्यांवर भागतं असं सीनिअर सांगतात. २४,००० भाड्याच्या फ्लॅटला सहा महिने म्हणजे १,४४,०००, तिघांत प्रत्येकी ४८,०००. डिपॉझिट परत मिळतं हे खरं, पण माझ्या आतेभावाच्या मालकाने रूम सोडताना एक महिन्याचं भाडं ‘पेंटिंगचे’ म्हणून कापून घेतलं. करारात तशी ओळ होती. त्याने वाचली नव्हती.

करारावरून आठवलं. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचा असला तरी. कर्नाटकात अकरा महिन्यांचा करार बहुधा साध्या स्टँप पेपरवर होतो. दोन्हीकडे सही करण्याआधी डिपॉझिटची कलमं वाचा.

ज्यांच्याकडे बाईक आहे त्यांनी हेही धरावं. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते. आधी आपल्या आरटीओची एनओसी, मग तिथला रोड टॅक्स. इकडचा उरलेला टॅक्स अर्ज करून परत मागता येतो. माझ्याकडे बाईक नाही, म्हणून माझ्या यादीत हा खर्च नाही.

मुलींचा हिशेब थोडा वेगळा निघतो. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट, म्हणजे पुण्याच्या दोन खेपा १,६०० च्या जागी ८०० त. कर्नाटकात ११ जून २०२३ ला शक्ती योजना आली, साध्या सरकारी बसमध्ये महिलांना प्रवास मोफत. पण ती कर्नाटकच्या रहिवासी महिलांसाठी आहे. कागलचा पत्ता असलेलं आधार कार्ड दाखवून चालत नाही. वसतिगृहातल्या एका मैत्रिणीने याच पद्धतीने हिशेब केला, आणि तिचं उत्तर माझ्याहून वेगळं, सरळ पुण्याच्या बाजूचं आलं. तेच अपेक्षित आहे.

आप्पांना कसं सांगितलं

शीट तयार झाली. आता ती आप्पांना समजावायची होती. सीटीसी, व्हेरिएबल, लास्पेअर यातलं काय सांगणार? संध्याकाळी ते धार काढून आले, तेव्हा भिंतीला अडकवलेलं दूध संस्थेचं बिल मी हातात घेतलं.

"आप्पा, या धा दिवसांत दूध किती रुपयांचं घातलं?"

"हितं वर लिवलंय की."

"आणि हातात किती आलं?"

"खाद्याचं कापलं, ॲडव्हान्स कापला. ऱ्हायल्यालं आलं."

"आणि दिवाळीचा फरक?"

"त्यो दिवाळीला. दिला तर."

मग मी म्हणालो, "माझं पॅकेज म्हणजे वरचा आकडा. व्हेरिएबल म्हणजे दिवाळीचा फरक." आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे धा हजार न्हाईतच म्हण की."

"चारशे हाईत."

मला वाटलं ते चिडतील. ते उठले, चप्पल घातली आणि त्याच अंधारात मामांच्या घरी निघाले. मीही मागोमाग गेलो. ओसरीवर बसून त्यांनी सांगितलं, "पावणं, माझं बोलणं चुकलं. पोराला धा हजार जमायचं न्हाईत. पाच जमत्याल. वरसाचं दोन वर्सं धरा." मामा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "आत्ता सांगितलंसा ते बरं झालं. मी जानेवारीत पायाचं काम काढणार हुतो. आता पुढच्या साली काढतो." चहा झाला, आम्ही परत आलो.

हेच जर जुलै-ऑगस्टमध्ये, पगार झाल्यावर कळलं असतं, तर मामांचं घर अर्धवट राहिलं असतं आणि आप्पांचा शब्द गेला असता. फोनवरच्या त्या एका वाक्यासाठी मला किती हिशेब करावा लागला, हे तुम्ही वर वाचलंतच.

वाटेत आप्पांनी विचारलं, "मग आता कुठं जाणार?" मी म्हटलं, "पैशाचं दोन्हीकडं सारखंच आहे." ते म्हणाले, "मग पैसा सोडून सांग." तोपर्यंत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता. पहिल्यांदाच मी कामाचा विचार केला. मला डिझाईनचं काम आवडतं, सेकंड इयरपासून कॅडच्या लॅबमधून मला रात्री हाकलावं लागतं हे लॅब असिस्टंट काका सांगतील. मी बंगळूरचं लेटर सही करून पाठवलं. महिन्याला चारशे रुपये जास्त, आणि दोन महिन्यांतून एकदा घर, हे माहीत असून पाठवलं. परतीचं काय म्हणून आईला आधीच सांगून ठेवलंय, मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आहे, तिकीट लवकर काढलं तर बसपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

असो. कोऱ्या शीटच्या झेरॉक्स माझ्या रूमवर ठेवल्या आहेत, ज्याला हवी त्याने घेऊन जावी. ज्युनिअर्सनी तर जरूर न्यावी. आकडे मात्र माझे उचलू नका. सात फोन तुम्हीही करा. आणि एक विनंती, ऑफर लेटरचं शेवटचं पान वाचल्याशिवाय घरी फोन करू नका.

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी